पहिल्या वर्षीचा मोहोर

क्योतो, ८ नोव्हेंबर २०१४

ती. मामा,

तुमच्या हट्टापायी या वयात मी टपालाचं तिकीट कुठे चिकटवतात ते शिकले. "आयुष्यभर लोकांच्या दारात पत्रं टाकली, आता कुणीतरी माझ्या दारात टाकावं" हे तुमचं म्हणणं मान्य आहे. फोनवर तुम्हाला ऐकूही येत नाही. मी "पाणी घाला" म्हटलं की तुम्ही "जेवलो, जेवलो" म्हणता.

इथे पोचले, झाडांवरच्या उपचारांचे वर्ग सुरू झाले. आमचे तानिगुची गुरुजी सत्तरी ओलांडलेले आहेत आणि अजून झाडावर चढतात. आपण देव मानतो त्या आंब्याला, आपल्या आंबोबाला, गल्लीतून उचलून नदीकाठच्या बागेत कसं नेलं ते मी त्यांना चित्रं काढून सांगितलं. मोठं झाड हलवायचं तर इथे आधी दोन वर्षं त्याची मुळं थोडी थोडी छाटतात. मग बुंध्याजवळ नवी बारीक मुळं फुटतात आणि नव्या जागी झाडाला पाणी पिता येतं. तुम्ही किती वेळ दिलात, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, एक पावसाळा. त्यांनी फक्त माझ्या कपात चहा ओतला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पण मामा, तुम्हाला ठाऊक आहे, रस्ता रुंद करणाऱ्यांनी तेवढाच वेळ दिला होता. नाहीतर करवत. म्हणून आता सगळी मदार तुमच्यावर. बागेच्या खात्याशी ठरलंय तसं झाडाची राखण गल्लीकडे, म्हणजे तुमच्याकडे. माती ओलसर ठेवा, चिखल नको. बुंध्याला गुंडाळलेलं सुंभ सोडू नका. मुळांशी तांदळाची दारू ओतायची नाही, मग अगरबत्तीवाल्या मुईकाकू कितीही नवस बोलोत. देवाला पोचवायची कागदी नाणी जाळायची तर लांब जाळा.

आणि एक गोष्ट लक्षात असू द्या. जुन्या स्टेशन रस्त्यावरची आंब्याची सगळी रांग अजून उभी आहे, पण रुंदीकरणात तीही जाणार. आपला आंबोबा जगला तर त्या झाडांनाही दोन वर्षांची तयारी करून हलवायचं, असं खात्याने तोंडी कबूल केलंय. तो मेला तर ते म्हणतील, बघा, हलवून उपयोग नसतो, तोडा.

मामीला सांगा, तिने दिलेल्या साखरेतल्या कैऱ्या विमानतळावरच संपल्या. नव्या घरात तिचं मन रमतंय का?

तुमची,
हुइचेन

*

लिउचियाओ, २७ नोव्हेंबर

पोरी हुइचेन,

तुझं पत्र आलं. हल्लीचा पोस्टमन पत्र पेटीत कोंबून पळतो, दार वाजवत नाही. मी खाली जाऊन त्याला चांगला झापला. तो काहीतरी म्हणाला, मला ऐकू आलं नाही, त्यामुळे मीच जिंकलो.

नवव्या मजल्यावरचं घर म्हणजे हवेत टांगलेला पिंजरा आहे. गल्लीतलं घर पाडताना मी बघायला गेलो नाही. मामी गेली होती. भिंत पडली तेव्हा म्हणाली, "बरं झालं, त्या भिंतीत झुरळं फार होती." मग रात्रभर माझ्याकडे पाठ करून झोपली.

गल्लीतली माणसं आता चार दिशांना गेली, पण मला शिव्या द्यायला सगळी बागेत जमतात. मी कौल लावला होता ना, हलवू का असं झाडाला विचारून. तू लाकडी फाकांना हसायचीस, पण सगळ्यांसमोर टाकल्या होत्या. दोनदा दोन्ही फाका उताण्या पडल्या, म्हणजे देव हसला, धड हो नाही धड नाही नाही. मग लागोपाठ तीनदा हो. तरी आता पानं गळायला लागल्यावर मुईकाकू म्हणते, "पोस्टमन, देवालाही पत्ता बदलायला लावलास! हो म्हणेल नाहीतर काय करेल बिचारा, करवत दाखवली होतीस तू." अगरबत्तीचं दुकान गेल्यापासून तिची जीभ जास्तच धारदार झालीय.

मी रोज सकाळी जातो. बोट मातीत खुपसून बघतो, तू शिकवलंस तसं. पानं गळतायत ती गळू देत म्हणाली होतीस, म्हणून मी गप्प आहे. बाकी लोक गप्प नाहीत.

मामी तुला आशीर्वाद देते. तुला लहानपणी सांगितलंय तिने, ती जन्मली तेव्हा जगेल असं कुणाला वाटलं नव्हतं, म्हणून तिच्या आईने तिला आंबोबाच्या पदरात घातलं, त्याची लेक केलं. गळ्यात लाल दोरा नि नाणं. सोळाव्या वर्षी दोरा काढायचा असतो, हिने काढू दिला नाही. म्हणते, बापाचं घर कशाला सोडू? आता बापच घर सोडून नदीकाठी राहायला गेला, म्हणून जरा रुसलीय. लिफ्टमध्ये तिला गरगरतं, त्यामुळे फारशी खाली उतरत नाही. काळजी नको.

थंडीत कानाला गुंडाळून हिंड.

मामा

*

क्योतो, २० डिसेंबर

ती. मामा,

पानं गळू द्या. माझं ऐका, मुईकाकूंचं नको. झाड आपला खर्च कमी करतंय, मुळं तुटल्यावर तेवढ्या पानांना पाणी कुठून देणार? फांदीच्या टोकाशी नखाने जरा खरवडून बघा. आत हिरवं असलं तर तो जिवंत आहे.

मामीला गरगरतं त्याचं काय? रक्तदाब तपासून घ्या. तिला म्हणावं, मी परत आले की लिफ्टमध्ये तिचा हात धरून उभी राहीन.

इथे आम्ही एका देवळातल्या जुन्या चेरीच्या मुळांखालची कठीण झालेली माती हवेच्या झोताने भुसभुशीत करतोय. दिवसभर गुडघ्यावर असते. माझे गुडघे बघून तानिगुची गुरुजी म्हणाले, आता तुम्ही या धंद्यातल्या वाटता.

हुइचेन

*

लिउचियाओ, २४ जानेवारी २०१५

पोरी! पोरी! पोरी!

मोहोर आलाय!

घाईत लिहितोय, अक्षर लागलं नाही तर अंदाजाने वाच. परवा वरच्या फांदीला काहीतरी तांबूस दिसलं. मला वाटलं, डोळे गेले, कान तर गेलेच होते. आज सकाळी बघतो तर सगळा माथा मोहोरलाय. एक फांदी सोडली नाही. पानं थोडी नि मोहोर एवढा! गल्लीत होता तेव्हा एक वर्ष या बाजूला यायचा, एक वर्ष त्या बाजूला. असा मोहोर मी माझ्या जन्मात पाहिला नाही, आणि माझा जन्म काही थोडाथोडका झालेला नाही.

मुईकाकू आली, बघितलं, आणि भर बागेत मला वाकून नमस्कार केला. म्हणाली, "पोस्टमन, पत्ता बरोबर होता रे तुझा." त्या बाईने आयुष्यात कुणाची माफी मागितलेली नाही. पांगलेली सगळी गल्ली आली. नवं लाल कापड बांधलं, फळं ठेवली, कुणीतरी बदक भाजून आणलं. तुझं नाव निघालं. लाकडाच्या वखारीवाला तुला वेडी म्हणायचा ना, तो म्हणाला, आपल्या गल्लीच्या पोरीने देवाला चालवत नेलं.

मामीलाही नेली होती. तिने बघितलं.

तू जिंकलीस. झोप आता शांत.

मामा

*

क्योतो, २ फेब्रुवारी

ती. मामा,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. तुमच्या आनंदावर पाणी ओतायला मीच उरलेय याचं मला वाईट वाटतं. पण हे पत्र मिळाल्याबरोबर काम करा, एक दिवसही घालवू नका.

मोहोर काढून टाका. सगळा. एकही तुरा ठेवू नका.

मामा, पानं थोडी आणि मोहोर असा अंगभर, ही तब्येत सुधारल्याची खूण नाही. झाड घाबरलंय. आपण जगतो की मरतो हे त्याला कळेनासं झालं की ते हाताशी असलेलं सगळं फळांत घालतं, निदान बी तरी मागे राहावी म्हणून. खोडात साठवलेलं जे काही आहे ते या मोहोराला चाललंय. तेच मुळांना मिळालं तर तो तगेल. फळं धरू दिलीत तर आंबे उतरतील आणि पावसाळा संपायच्या आत झाड वाळेल. हे मी पुस्तकात वाचून सांगत नाहीये. तैपेईत असंच एक झाड मी हातचं घालवलंय. त्याही झाडाखाली लोक फोटो काढत होते.

खात्याला मी आजच कळवलंय, ते शिडी घेऊन माणसं पाठवतील. लोकांना तुम्ही समजावा. तुम्ही सांगितलंत तर ऐकतील. यंदाचा मोहोर दिलात तर पुढची कित्येक वर्षं तो फळ देईल. आणि स्टेशन रस्त्यावरची रांगही वाचेल, ते विसरू नका.

मला माहीत आहे, मी तुमच्याकडे काय मागतेय. तरी मागते.

हुइचेन

*

क्योतो, ३ मार्च

मामा,

उत्तर नाही. आपल्या चांद्र नव्या वर्षाच्या तुमच्या शुभेच्छाही नाहीत. खात्यातून मात्र निरोप आला. शिडीवाले दोनदा आले आणि दोन्ही वेळा तुम्ही बुंध्याला पाठ लावून उभे राहिलात. त्यांना म्हणालात, "आधी मला उतरवा, मग मोहोर." माणसं गरीब, देवाच्या झाडाला हात लावायला त्यांचंही मन होत नव्हतंच. त्यांना निमित्त मिळालं, ती परत गेली.

मुईकाकूंनी हे केलं असतं तर मला राग आला नसता. पण तुम्ही? लोकांनी नमस्कार केले, बदक भाजलं, तेवढ्यावर भाळलात? चार महिने सगळ्यांच्या शिव्या खाऊन बोट मातीत खुपसत होतात, आणि आता चार हार गळ्यात पडल्यावर माझं शास्त्र खोटं झालं? कौल लावून विचारलंत वाटतं परत? तीनदा हो आलं असेल.

अजून वेळ गेलेली नाही. फळ धरलं असलं तरी वाटाण्याएवढं असताना झाडून टाकता येतं. तुम्ही माझं बोट धरून मला त्या झाडाखाली नेलं होतं, म्हणून मी या धंद्यात आले. आता तुमच्याच हाताने तो मरणार असेल तर मी कुणाला तोंड दाखवू?

हुइचेन

*

लिउचियाओ, १९ मार्च

हुइचेन,

दोन्ही पत्रं मिळाली. वेळेवर मिळाली, पोस्टमनची चूक नाही.

मोहोर काढला नाही. काढणारही नाही. फळ धरलंय, बोराएवढं. तुझं शास्त्र खोटं आहे असं मी म्हटलेलं नाही. तू लिहिलंस त्यातला शब्द न् शब्द मला पटलाय. कौल लावला नाही. लावला असता तर काय आलं असतं याची भीती वाटली.

कारण विचारू नकोस. मामाने आजवर तुला कधी असं म्हटलं होतं का?

इकडे सर्व ठीक.

मामा

*

क्योतो, ५ एप्रिल

मामा,

पटलंय आणि तरी करणार नाही, यावर मी काय लिहू? खात्याला कळवलं की झाडाची राखण दुसऱ्या कुणाकडे द्या. ते म्हणाले, आता लागलेली फळं कुणी झाडायला गेलं तर सगळा गाव अंगावर येईल. म्हणजे तुमच्या मनासारखं झालं.

मामीला नमस्कार. ती तरी तुम्हाला चार शब्द सुनवेल असं वाटलं होतं.

हुइचेन

*

लिउचियाओ, १४ जून

पोरी,

आधी बस. उभ्याने वाचू नकोस.

मामी गेली. जूनच्या दुसऱ्या तारखेला, दुपारी. सगळं रीतीप्रमाणे झालं. मुईकाकू रोज येऊन मामीसाठी जाळायची कागदाची कमळं दुमडत बसते, आणि बोलत नाही, त्यावरून ओळख. तुला कळवलं नाही, कारण तू धावत आली असतीस आणि तुझ्या डोळ्यात मला तो प्रश्न दिसला असता. आज स्वतःच सांगतो.

तिला लिफ्टमध्ये गरगरत नव्हतं. ऑक्टोबरातच डॉक्टरांनी सांगितलं होतं, पोटातलं दुखणं आहे, यकृतापर्यंत गेलंय, नवीन वर्ष निघेलसं वाटत नाही. तुझं विमान त्याच आठवड्यात होतं. ती म्हणाली, "पोरीला काही कळता कामा नये. झाडाचा घोर काय कमी आहे तिला!" म्हणून मी खोटं लिहीत राहिलो.

डिसेंबरात तिने जेवण सोडलं. मी पेज करून पुढे धरायचो, ती तोंड फिरवायची. आवाज बारीक झाला. पोरी, मला तिचा आवाज फक्त ती ओरडायची म्हणून ऐकू यायचा. चव्वेचाळीस वर्षं ती माझ्यावर ओरडत होती, ते भांडण नव्हतं, मला ऐकू जावं म्हणून होतं. आता नुसते ओठ हलायचे. ओठांवरून एकच गोष्ट कळायची, "बापाचं कसं आहे?" मी सांगायचो, पानं गळतायत. ती मान हलवायची, म्हणजे माझंही तेच चाललंय.

मग मोहोर आला. मी चाकाच्या खुर्चीत घालून तिला नेली. तिने मान वर केली, आणि किती वेळ बघत राहिली. मग ओरडली. खरंच ओरडली, मला ऐकू आलं. "बापाला घर मानवलं बघा! मग मलाच काय धाड भरलीय?" घरी येऊन पेज मागितली. वर म्हणते, "मीठ कुठे गेलं, महाग झालंय का?"

त्यानंतर ती उठून बसायला लागली. केस विंचरून घेतले. मुईकाकूशी पत्ते खेळली आणि लबाडी केली. डॉक्टर चकित झाले, म्हणाले, असं कधीकधी होतं. अशा वेळी तुझं पत्र आलं.

ती म्हणाली, वाचा. तुझी पत्रं मी तिला मोठ्याने वाचून दाखवतो ना. मी वाचायला लागलो आणि तिथे आलो, मोहोर काढून टाका. मग कागदाकडे बघत बघत मनाचंच रचून वाचलं, "मोहोर आल्याचं कळून फार आनंद झाला, मामीला सांगा बरी हो." ती हसली. म्हणाली, "पोरीचं पत्र एवढं मोठं आणि मजकूर एवढाच?"

तिला खरं सांगितलं असतं तर काय झालं असतं ते मला पक्कं ठाऊक होतं. ती स्वतः म्हणाली असती, काढा मोहोर, बापाला जगू दे. आणि भिंतीकडे तोंड करून पडली असती. म्हणून सांगितलं नाही. तुलाही सांगितलं नाही. एकीकडे झाड, एकीकडे मामी, असं तुला कशाला चिरायचं? हे एकट्याचं काम होतं.

शिडीवाले आले तेव्हा ती खुर्चीत बसून बघत होती. तिला वाटलं, ते फांद्या छाटायला आलेत आणि मी बापाला वाचवतोय. घरी येताना माझा हात धरून म्हणाली, "आयुष्यात पहिल्यांदा तुम्ही माझ्या माहेरच्यांची बाजू घेतलीत."

आंबे उतरले मेच्या अखेरीला. रायवळ, चोखायचे, तुला माहीत आहेत. तिने चोखले. हनुवटीवरून रस गळत होता, मी पुसायला गेलो तर माझ्या हातावर मारलं. शेवटचं अन्न तेच. डॉक्टरांनी नवीन वर्ष सांगितलं होतं, मी तिला आंब्यापर्यंत आणली.

आता झाडाची पानं कडेने करपतायत. बोट मातीत घालून बघतो, माती ओली आहे. तो पीत नाहीये.

पोरी, एकच विचारतो. मोहोर काढला असता तर तो जगला असता का? मला बरं वाटावं म्हणून काही लिहू नकोस. मला खरं हवंय.

मामा

*

लिउचियाओ, स्टेशनजवळची खानावळ, १८ सप्टेंबर

ती. मामा,

तुमच्या घरापासून दहा मिनिटांवर बसून पत्र लिहितेय, आजच तुमच्या पेटीत टाकून येईन, हसा हवं तर. चार दिवस तुमच्याकडे राहिले, तुम्ही माझ्या ताटात वाढत राहिलात, मी खात राहिले. मामीच्या फोटोपुढे दोघं बसलो. जूनच्या पत्रातला प्रश्न तुम्ही पुन्हा विचारला नाहीत, आणि उत्तर माझ्या तोंडून निघालं नाही. तुमच्याशी ओरडून बोलावं लागतं, आणि हे मला ओरडून सांगता येणार नव्हतं.

आधी दुसरं सांगते. ते मार्चचं पत्र, भाळलात वगैरे. ते फाडून टाका. फाडलं नसेल तर मला परत द्या, मी फाडते. तुम्ही बुंध्याला पाठ लावून उभे होतात आणि मी लांब बसून तुम्हाला अडाणी म्हणत होते. मामीबद्दल "ती तरी सुनवेल" असं लिहिलं. तेव्हा तिचे दिवस भरत आले होते. मला माझीच लाज वाटते, मामा. फार रडू येतं.

आता तुमचं उत्तर. काल तुम्ही दुपारी झोपला होतात तेव्हा मी बागेत जाऊन त्याच्या पायाशी खणलं. झाड गेलंय, ते तुम्हालाही दिसतंय. पण मला मुळं बघायची होती. नदीच्या बाजूला नवी मुळं फुटली होती. भरपूर, चांगली बोटाएवढी, मुळांसोबत आणलेल्या मातीच्या गड्ड्याच्या बाहेर पार नव्या मातीत शिरलेली. मग टोकाकडून सुकत आली होती. तुमच्या हाताला गुण होता. तो रुजला होता, मामा.

तुम्हाला खरं हवंय. हो. मोहोर काढला असता तर तो बहुतेक जगला असता. शपथेवर कुणीच सांगू शकणार नाही, पण परक्या माणसाने विचारलं असतं तर मी "हो" म्हणाले असते, म्हणून तुम्हालाही तेच सांगते.

अजून एक, तेही लपवत नाही. खात्याला माझ्याकडून अहवाल हवाय. झाड का मेलं, ते मी लिहायचं. "हलवल्यामुळे" असं लिहिलं तर स्टेशन रस्त्यावरची रांग या हिवाळ्यात कापतील. झाड नव्या जागी रुजलं होतं, फळं धरू दिली म्हणून मेलं, असं लिहिलं तर त्या झाडांना दोन वर्षं मिळतील. पण मग पुढचा प्रश्न येतो, फळं कुणी धरू दिली? राखण करणाऱ्याचं नाव लिहावं लागेल. वर्तमानपत्रात येईल. सगळी गल्ली वाचेल.

ते मी लिहू शकत नाहीये. कागद पुढे घेऊन दोन दिवस बसलेय. मोघम काहीतरी लिहून द्यावं असं वाटतं, किडीचं, हवेचं. तुम्ही नको म्हणालात तर तसंच करेन. उरलेल्या झाडांचं पाप माझ्या डोक्यावर.

हुइचेन

*

लिउचियाओ, १९ सप्टेंबर

पोरी,

हे पत्र टपालात टाकत नाही, खानावळीत हातानेच आणून देतो. मालकिणीला सांगितलंय, तुला आधी जेवायला घाल, मग दे.

लिही. मोघम काही नको. जे झालं तेच लिही.

तुला खरं सांगू? काल लिफाफा फोडायचं धाडस होत नव्हतं. मला वाटत होतं, तू चांगली पोर, तू लिहिशील, मामा, तो तसाही मरणारच होता, मनाला लावून घेऊ नका. रोज सकाळी करपलेली पानं झाडताना मी हेच म्हणायचो, देवा, असं असू नये.

तुला विचित्र वाटेल. पण बघ, मी तिला आयुष्यभर उरलंसुरलंच दिलं. सगळ्या गावाची पत्रं वाटून झाली की उरलेली संध्याकाळ तिची. सणाच्या दिवशी तर तीही नाही, सणाला टपाल जास्त. बहिरा झालो, तेव्हा अर्धा नवरा तिच्या वाट्याला आला. आणि शेवटी एक मोहोर दिला, तोही जाणाराच होता असं निघालं असतं, तर मी तिला काय दिलं? वाया जाणारं होतं ते ताटात वाढलं, एवढंच ना? तू लिहिलंस तो जगला असता. म्हणजे एकदा तरी मी तिला पुरतं दिलं. कित्येक वर्षं जगणारा देव दिला. पत्र वाचून मी रडलो, पण दुःखाने नाही. दुःख आहेच, ते वेगळं.

स्टेशन रस्त्यावरची झाडं मात्र माझी नव्हती, ती द्यायचा मला हक्क नव्हता. त्या रांगेखालून मी रोज सायकल नेली, आणि फेब्रुवारीत मला ती आठवली नाहीत असं नाही. आठवली, तरी मी बुंध्याला पाठ लावली. ती तोडली तर मला तिकडून स्टेशनला जाता येणार नाही. म्हणून त्यांना वाचव.

मुईकाकू आता बोलणं टाकेल. वखारीवाला म्हणेल, म्हाताऱ्याने देव मारला. खरंच आहे, मारला. मला तसंही ऐकू येत नाही.

अहवालात 'मामा' असं लिहू नकोस, सरकारी कागदाला नातं चालत नाही. लाइ तियेन-फू, निवृत्त पोस्टमन, असं पूर्ण लिही, नाव चुकलं तर कागद परत येतो. खाली लिही, यांनी जाणूनबुजून मोहोर काढू दिला नाही. का, ते लिहू नकोस. बायको आजारी होती, असं तर मुळीच नको. लोक हळहळतील आणि दोष तिच्यावर ढकलून मला मोकळं करतील. तिला यात आणू नकोस. तिला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिने फक्त आंबे खाल्ले.

मामा